सासूबाईंचे संत, सुनेचं वचन आणि 19 मार्चचं जेवण

प्रिय ताई,

मी नालासोपाऱ्यात राहते, लग्नाला सहा वर्षं झाली. यंदा प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस, नीट पाळायचा असं ठरवलं होतं. चाळीस दिवस मांस-मच्छी बंद, रोजची शास्त्रवाचनं वाचायची आणि दहा मिनिटं चिंतन करायचं. पण घरात वेगळंच चालतं. सासूबाई 76 वर्षांच्या आहेत. त्यांच्याकडे कव्हर फाटलेलं एक जुनं प्रार्थनापुस्तक आहे, त्यात प्रत्येक तारखेला कुणी ना कुणी संत. मंगळवारी संत अंतोन, बुधवारी माहीमची नोव्हेना, आता 4 मार्चपासून संत फ्रान्सिस झेवियरची नऊ दिवसांची नोव्हेना. प्रभूच्या दुःखसहनाच्या दिवसांत हे सगळे संत कशाला, असं मला वाटतं. परवा मी बोलून गेले की तुमच्या पुस्तकातल्या तारखासुद्धा चुकीच्या आहेत. 7 मार्चला थॉमस अक्वायनस लिहिलंय आणि चर्चच्या कॅलेंडरवर दुसऱ्याच दोघी आहेत. त्या गप्प बसल्या.

आता 19 मार्च येतोय. सासऱ्यांचं नाव जोसेफ, त्यामुळे त्या दिवशी, संत जोसेफच्या सणाला, घरात त्यांचा नामसण व्हायचा. सासरे गेल्या जूनमध्ये गेले. सासूबाई म्हणतात, नेहमीसारखं मटण आणि पिठाचे तळलेले फुगे करायचे. मी म्हटलं, उपासाच्या दिवसांत नाही. नवरा यात पडत नाही. आणि खरं सांगायचं तर आठ दिवसांतच माझं चिंतनही अडखळलंय. वाचते, पण पुढं काही सुचत नाही. माझं काय चुकतंय?

— गोंधळलेली सून

प्रिय सूनबाई,

तुझं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले: ‘त्या गप्प बसल्या.’ म्हणून जेवणाचं आणि चिंतनाचं नंतर बोलू. आधी त्या पुस्तकाचं.

सासूबाईंचं पुस्तक बरोबर आहे. ते ज्या काळात छापलं गेलं त्या काळात 7 मार्च हा संत थॉमस अक्वायनस यांचाच दिवस होता. 1274 साली याच तारखेला ते वारले. त्या पुस्तकात मार्चचं पान आणखी नीट बघ. 12 तारखेला थोर संत ग्रेगरी दिसतील, 21 ला संत बेनेडिक्ट, 24 ला देवदूत गॅब्रिएल. सगळा महिना भरलेला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे चर्चमध्ये मोठे बदल घडवणाऱ्या धर्मसभेनंतर, 1969 साली पोप पॉल सहावे यांनी संतांच्या दिवसांची फेरमांडणी केली. प्रायश्चित्तकाळ शक्य तितका मोकळा राहावा म्हणून यातल्या बऱ्याच जणांना वर्षात दुसरीकडे जागा दिली. थॉमस 28 जानेवारीला गेले, ग्रेगरी 3 सप्टेंबरला, बेनेडिक्ट 11 जुलैला आणि गॅब्रिएल 29 सप्टेंबरला मिखाएल आणि राफाएल यांच्या जोडीला. थॉमस हलल्यावर 7 मार्चची जागा रिकामी झाली आणि तिथे तुझ्या कॅलेंडरवरच्या त्या दोघी आल्या, संत पर्पेतुआ आणि संत फेलिसिती. खरं तर त्या आपल्या घरी परतल्या, कारण 203 साली त्यांना मारलं तो दिवस 7 मार्चच होता. मधली बरीच वर्षं थॉमस यांच्यासाठी त्या एक दिवस अलीकडे सरकल्या होत्या. सासूबाईंच्या पुस्तकात एक पान मागं जा, बहुतेक 6 मार्चला त्या तुला भेटतील.

हे मी इतकं सविस्तर सांगतेय त्याला कारण आहे. माझ्या मामाचं नाव बेनेडिक्ट. माझी आई दर 21 मार्चला भावासाठी संत बेनेडिक्टची प्रार्थना म्हणायची. मी धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायला नुकतीच लागले होते, नवं कॅलेंडर पाठ होतं. मी तिला सांगितलं, आई, तुझा संत आता जुलैत गेला. तिनं मान हलवली आणि पुस्तक कपाटात ठेवलं. पुढं मी कधी विचारलं तरी संतांच्या गोष्टी ती मला सांगायची नाही, ‘तुला ठाऊकच असेल’ म्हणायची. मला ठाऊक नव्हतं. तिला तिच्या आजीकडून जे मिळालं होतं त्यातलं फार थोडं माझ्यापर्यंत आलं. तुझ्या घरी अजून वेळ आहे.

आणखी एक हिशेब कर. सासूबाई आज 76 वर्षांच्या, म्हणजे 1950 च्या आसपासचा जन्म. 1965 च्या सुमाराला आपल्याकडे मिस्सा, चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत व्हायला लागली. त्याआधी वेदीवर शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या चरित्राचा भाग, वाचलं जायचं ते लॅटिनमध्ये. फादर प्रवचनात मराठीत समजावून सांगायचे तेवढंच कानावर पडायचं. तुझ्या हातात बायबल आहे, मोबाईलवर रोजची वाचनं येतात, पाहिजे ते वचन पाहिजे तेव्हा उघडता येतं. त्या लहान होत्या तेव्हा त्यांच्या घरी बायबल असण्याची शक्यता फार कमी होती. घरात होत्या त्या संतांच्या तसबिरी, नोव्हेना, जपमाळ आणि आजीच्या तोंडच्या गोष्टी. क्षमा म्हणजे काय, पैशाचा मोह म्हणजे काय, छळ झाला तरी श्रद्धा सोडायची नाही म्हणजे काय, हे त्या पिढीनं संतांच्या चरित्रातून शिकून घेतलं. त्यांचं शास्त्रवाचन ते होतं. हे लक्षात आलं तर तुम्हा दोघींमधलं भांडण मला वाटतं अर्धं मिटेल.

उरलेल्या अर्ध्यात तुझं म्हणणं बरोबर आहे, हेही सांगते.

प्रायश्चित्तकाळात संतांनी मागच्या रांगेत उभं राहावं हे चर्चचंच म्हणणं आहे. एरवी ज्या संताचा स्मरणदिन पाळणं बंधनकारक असतं, त्याचंही या दिवसांत फक्त ऐच्छिक स्मरण करता येतं. म्हणजे येत्या 7 मार्चला फादरांच्या अंगावर जांभळाच झगा असेल, वाचनं त्या शनिवारचीच होतील, आणि त्यांची इच्छा असेल तर मिस्साच्या सुरुवातीची प्रार्थना ते पर्पेतुआ-फेलिसितींची म्हणतील. संतांना तेवढीच जागा. रविवार तर याहून कडक. यंदा 22 फेब्रुवारीला संत पेत्राच्या आसनाचा सण होता, पण तो प्रायश्चित्तकाळाचा पहिला रविवार होता म्हणून साक्षात पेत्राचा सण यंदा झालाच नाही. कित्येक चर्चमध्ये पाचव्या रविवारपासून पुतळ्यांवर जांभळं कापड टाकतात. ते तू लहानपणापासून पाहिलं असशील. शेवटच्या दोन आठवड्यांत संत झाकले जातात आणि सगळ्यांची नजर एका ठिकाणी लागते.

आणि तरीही. काही वर्षांपूर्वी मी याच दिवसांत गोवा वेल्ह्याला गेले होते. जुनं गोवं वेगळं, तिथे झेवियरचं शव आहे. हे पणजीहून मडगावच्या रस्त्यावर लागतं. तिथल्या संत आंद्रूच्या चर्चमधून पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांची मिरवणूक निघते. फ्रान्सिस्कन तिसऱ्या संघाची ही जुनी परंपरा. हा संघ संसारी माणसांचा, लग्न करून, धंदा-शेती सांभाळून संत फ्रान्सिसच्या वाटेनं चालणाऱ्यांचा. माणसाच्या उंचीचे तीसेक पुतळे, त्यात राजे आहेत, राण्या आहेत, साधे कफनीवाले आहेत, सगळे खांद्यांवरून गावातून फिरतात. बाकी ठिकाणी ज्या आठवड्यात संत कापडाखाली जातात त्याच आठवड्यात इथे ते रस्त्यावर येतात. मी तिथे गर्दीत उभी राहून बघत होते आणि मला ते अजिबात विसंगत वाटलं नाही. सगळे पुतळे एका दिशेनं निघाले होते, पुढच्या आठवड्यातल्या क्रुसाकडे. माझ्या शेजारच्या म्हातारीनं कुठल्याशा राणीच्या पुतळ्याला हात जोडले आणि कोकणीत काहीतरी म्हणाली, मला एवढंच कळलं की तिनंही मुकुट काढून ठेवला होता.

तेव्हा सासूबाईंना संत बंद करायला सांगू नकोस. झेवियरची 4 ते 12 मार्चची नोव्हेनाही याच दिवसांत येते ती उगाच नाही. 12 मार्च 1622 ला त्यांना संतपद मिळालं, त्या तारखेला ती संपते. दोघींनी मिळून क्रम तेवढा ठरवा. चर्च मिस्सामध्ये जो क्रम पाळतं तोच घरात पाळायचा: आधी त्या दिवसाचं वचन, मग संत, संताच्या तोंडून प्रार्थना. वचन तू वाच. संत त्या सांगतील.

याची सुरुवात करायला येत्या शनिवारइतका चांगला दिवस मिळणार नाही. 7 मार्चला, दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी, शुभवर्तमान आहे लूकचा पंधरावा अध्याय, उधळ्या मुलाची गोष्ट. ही वाचनं आठवड्याच्या वारानं ठरतात आणि संतांचे दिवस तारखेनं, त्यामुळे ही गाठ कुणी मुद्दाम घातलेली नाही. यंदा ती पडलीय. एका बाजूला बाप, जो मुलाला दुरूनच पाहून धावत सुटतो. आणि दुसऱ्या बाजूला पर्पेतुआचा बाप.

पर्पेतुआ कार्थेजची, आजच्या ट्युनिशियातली. वय बावीसच्या आसपास, चांगल्या घरातली, अंगावर पिणारं मूल. बाप्तिस्म्याची तयारी चालू असतानाच तिला पकडलं आणि तुरुंगात नेण्याआधी तिचा बाप्तिस्मा झाला. तुरुंगात तिनं स्वतः लिहून ठेवलेली टिपणं आपल्याला मिळालीत. इतक्या जुन्या काळातल्या ख्रिस्ती बाईच्या हातचं असं लिखाण दुर्मीळ आहे. त्यात ती वडिलांबद्दल बरंच लिहिते. ते ख्रिस्ती नव्हते. ते पुन्हा पुन्हा तिला भेटायला येतात. पहिल्यांदा रागावून येतात. ती समोरचं पाण्याचं भांडं दाखवते आणि विचारते, याला भांडं सोडून दुसरं काही म्हणता येईल का? तसंच मीही जे आहे त्याहून दुसरं काही म्हणवून घेऊ शकत नाही. पुढच्या खेपेला राग संपलेला असतो. ते आपल्या पिकलेल्या केसांची आण घालतात, तिचे हात हातात घेऊन चुंबन घेतात, पायाशी पडतात, आणि मुलगी न म्हणता तिला बाईसाहेब म्हणतात. सुनावणीच्या दिवशी ते तिच्या बाळाला घेऊन येतात. अधिकारी त्यांना छडीनं मारायला लावतो. ती लिहिते की जणू मलाच मारलं असं मला लागलं.

लूकच्या गोष्टीत मुलगा परत येतो आणि सगळं घर नाचतं. इथे मुलगी परत येत नाही, बाप धावत गेला तरी येत नाही, आणि तिचं त्याच्यावरचं प्रेम एका ओळीतही कमी होत नाही. हे दोन्ही एकाच संध्याकाळी शेजारी ठेवून बघ. मी गेली दोन वर्षं हे मनात घोळवतेय आणि मला अजून त्याचा तळ लागलेला नाही. बापाकडे परत जाणं म्हणजे कुठल्या बापाकडे? ज्यानं आपल्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्याला नाही म्हणताना मन कठोर होऊ न देणं कसं जमतं? तुला सुचत नाही म्हणालीस ना, हे प्रश्न घेऊन बस.

फेलिसितीबद्दल सासूबाईंना विचार. ती गुलाम होती, आठवा महिना चालू होता. गरोदर बाईला मारायचं नाही असा रोमन कायदा, त्यामुळे आपण मागं राहू, नंतर अनोळखी गुन्हेगारांबरोबर मरावं लागेल याची तिला धास्ती. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि ती तुरुंगातच बाळंत झाली. मुलगी झाली, ती एका ख्रिस्ती बाईनं वाढवली. मालकीण वर्गातली पर्पेतुआ आणि गुलाम फेलिसिती रिंगणात शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, आणि मिस्सामधल्या पहिल्या ख्रिस्तप्रसाद-प्रार्थनेत आजही दोघींची नावं बरोबर येतात. बाळंतपणं पाहिलेल्या बाईच्या तोंडून ही गोष्ट ऐकण्यात फरक पडतो.

आता तुझं चिंतन अडखळतं त्याबद्दल. तू सकाळी उठून पहिलं वाचन, स्तोत्र, शुभवर्तमान असं सगळं वाचतेस आणि मग दहा मिनिटं काहीतरी भव्य सुचायची वाट पाहतेस, असा माझा अंदाज आहे. वर्गातली मुलं मला हेच सांगायची. प्रायश्चित्तकाळातली रोजची वाचनं जोडीनं निवडलेली असतात, पहिलं वाचन आणि शुभवर्तमान एकमेकांशी बोलत असतात. तुझं काम फक्त ते बोलणं ऐकायचं. 9 मार्चच्या सोमवारी नामान हा परक्या देशाचा कुष्ठरोगी सेनापती यार्देन नदीत बुडी मारून बरा होतो, आणि शुभवर्तमानात येशू नासरेथकरांना नेमकी त्याचीच आठवण करून देतो, मग गावकरी त्याला कड्यावरून ढकलायला निघतात. 17 मार्चला यहेज्केल मंदिराच्या उंबऱ्याखालून वाहणारं पाणी पाहतो, घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. आणि शुभवर्तमानात 38 वर्षं आजारी असलेला माणूस तळ्याच्या काठावर पडलाय आणि त्याला पाण्यात उतरवायला कुणी नाही. दोन्हीकडे पाणी. एवढं दिसलं की त्या दिवसाचं चिंतन सुरू झालं. दहा मिनिटं लागत नाहीत, लोकलमध्ये उभ्यानंही होतं. वाचन आदल्या रात्री करून ठेव, सकाळच्या धांदलीत नको. चौथ्या आठवड्यापासून बहुतेक रोज योहानाचं शुभवर्तमान लागतं, त्याचं बोलणं लांबलचक असतं, तिथे एकच ओळ धर आणि बाकीचं सोडून दे. यंदाचे रविवार मात्र अजिबात चुकवू नकोस: 8 तारखेला विहिरीवरची शोमरोनी बाई, 15 ला जन्मांध, 22 ला लाजरस. बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या तयारीसाठी ही तीन शुभवर्तमानं पूर्वापार वाचली जातात. चौथ्या शतकात जेरुसलेमला संत सिरील प्रायश्चित्तकाळात अशाच नवख्या लोकांना शिकवायचे. त्यांचाही दिवस 18 मार्चला, जोसेफच्या आदल्या दिवशी आहे. पुस्तकात त्यांचं नाव सापडतं का बघ.

आणि 19 मार्च.

संत योसेफाचा, म्हणजे जोसेफचा, दिवस हा साधा स्मरणदिन नाही, सोहळा आहे, सगळ्यात वरच्या दर्जाचा सण. वर सांगितलेला मागच्या रांगेचा नियम त्याला लागू नाही. त्या दिवशी जांभळा रंग जाऊन पांढरा येतो, महिमास्तोत्र म्हटलं जातं, विश्वासांगीकार म्हटला जातो. एवढंच की आलेलुया येत नाही, ती ईस्टरच्या रात्रीसाठी राखलेली. सोहळा रविवारी आला तर सोमवारी सरकतो, 2023 ला तो 20 मार्चला झाला. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, आला तर तो आठवडा ज्यानं सुरू होतो त्या झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या शनिवारी घेतात, 2008 ला 15 मार्चला घेतला होता. पण सोडून देत नाहीत. शुक्रवारी आला तर त्या शुक्रवारचं मांस वर्ज्य नसतं, असं चर्चच्या कायद्यातच आहे. यंदा तो गुरुवारी आहे, त्यामुळे तो प्रश्नही नाही. बंधन म्हणून पाहिलंस तर मांस वर्ज्य राखेच्या बुधवारी, म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, आणि शुक्रवारी, आणि पोटाचा उपास फक्त राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी, तोही 18 ते 59 वयाच्यांना. मासळीला तर बंदी नाहीच. चाळीस दिवसांचा तुझा निश्चय त्याच्या वरचा आहे, मनापासूनचा आहे आणि त्याचं मोल आहेच. पण तो तू स्वतःवर घेतलायस, सासूबाईंच्या चुलीवर नाही.

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावण्याआधी तू काय ऐकलंस ते आठव. मत्तयचा सहावा अध्याय. उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, उपास करतोयस हे माणसांना दिसू देऊ नकोस. आणि दोन दिवसांनी, शुक्रवारी, यशयाचा अठ्ठावन्नावा: देवाला हवा तो उपास कुठला, तर भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, उघड्याला पांघरूण घालणं आणि आपल्याच रक्तामांसाच्या माणसाकडे पाठ न फिरवणं. सूनबाई, ज्या बाईचा नवरा जाऊन नऊ महिने होताहेत, ती त्याच्या नावाच्या दिवशी त्याच्या आवडीचं शिजवायला निघालीय. फुग्यांचं पीठ भिजवताना तिला त्याच्याशी बोलायचं असेल. तिथे तू उभी राहून ‘उपासाच्या दिवसांत नाही’ म्हणालीस. तुझा हेतू वाईट नव्हता. तरी ती पाठ फिरवणंच झालं, असं मला वाटतं, आणि हे मी तुला दुखवायला लिहीत नाही.

करू दे त्यांना मटण. पीठ भिजवायला तू बस त्यांच्याबरोबर. तुझा निश्चय मोडायचा नसेल तर फुगे खा, मटणाचं भांडं पुढं सरकव, काही बोलू नकोस. चार माणसांच्या पंगतीत कुणाच्या लक्षातही येत नाही. मला विचारशील तर मी म्हणेन, त्या दिवशी खा. सोहळ्याच्या दिवशी चर्च पांढरं नेसतं, तू जांभळं धरून बसायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार आहे, तेव्हा पुन्हा सुरू कर. देवाला नवस म्हणून वचन दिलं असशील तर मात्र आधी फादरांशी बोल, ते त्यातून वाट काढून देतात.

यंदा 19 तारखेला गुढीपाडवाही आहे. तुमच्या इमारतीत शेजारून श्रीखंडाची वाटी येईलच, तीही परत पाठवू नकोस. फुगे पाठव त्या वाटीतून.

जेवणाआधी त्या दिवसाचं शुभवर्तमान वाच, मत्तय पहिला अध्याय. योसेफाला चारही शुभवर्तमानांत एकही वाक्य नाही. त्याला स्वप्न पडतं, तो उठतो आणि सांगितल्याप्रमाणे करतो. मरियेला घरी आणतो, मग रातोरात इजिप्तला नेतो, परत आणतो, आणि पुढं केव्हातरी गोष्टीतून निघून जातो, कधी वारला हेही लिहिलेलं नाही. न बोलता घर चालवणारी माणसं आपण पाहिलीत. वाचून झालं की सासूबाईंना एकच विचार: बाबा कसे होते? आणि मग बाकीची संध्याकाळ त्यांना बोलू दे.

25 मार्चला मरियेला मिळालेल्या देवदूताच्या निरोपाचा सोहळा आहे, बुधवारी, तेव्हाही पांढरा रंग असतो. त्या दिवशी विश्वासांगीकार म्हणताना ‘मानव झाला’ या शब्दांपाशी सगळे गुडघे टेकतात, मुलांना आधी सांगून ठेव नाहीतर ती गोंधळतात.

पुढच्या वर्षीचंही आताच लिहून ठेव. 2027 ला 19 मार्च शुक्रवारी येतोय, झावळ्यांच्या रविवारच्या दोन दिवस आधी. सोहळा असल्यामुळे त्या शुक्रवारी मटण चालेल. वाड्यातल्या चार बायका सासूबाईंना नावं ठेवतील, तेव्हा त्यांच्या बाजूनं तू बोलायचंस. आणि त्या वर्षी 25 मार्च पवित्र गुरुवारी पडतो, म्हणून देवदूताचा निरोप 5 एप्रिलला जाईल. जुन्या पुस्तकात तो 25 लाच छापलेला असणार, तेव्हा हे त्यांना आधी प्रेमानं सांग.

आता शनिवारचं. जपमाळ झाली की टीव्ही लावण्याआधी सासूबाईंना म्हण, आई, ते पुस्तक आणता का, मला 6 मार्चचं पान बघायचंय. तारखांचं तू चुकीचं बोललीस हेही तेव्हाच सांग, एका वाक्यात, फार न ताणता. मग लूकचा पंधरावा मोठ्यानं वाच. सावकाश वाच, त्यांना ऐकू कमी येत असेल तर जवळ बस.

तुझी,
ताई